नामदेव डायवरचे चार टोले

बोईसरला नवापूर नाक्यापासून थोडं आत गेलं की एका इमारतीच्या तळमजल्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानाला नाव नाही. शटरच्या बाजूला पिवळ्या ऑइलपेंटने एवढंच लिहिलंय: 'फोन करू नये. समोर येऊन बोलावे.' पहिल्यांदा ती पाटी वाचली तेव्हा मला राग आला होता. धंदा करायचा आणि वर गिऱ्हाइकालाच दम द्यायचा, असा कोण हा टिकोजीराव, असं मनात म्हणून मी सरळ पुढे गेलो होतो. मला राग लवकर येतो आणि घाई त्याहून लवकर होते. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, मला थोडं उशिरा कळलं.

त्या दुकानाची पायरी मी शेवटी चढलो ती गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी, तीही स्वतःच्या चुकीपायी. ती चूक आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्या दुकानातल्या नामदेवकाकांबद्दल सांगताना मला शहाणपणाचा आव आणता येणार नाही.

प्रियदर्शिनी माझी धाकटी बहीण. सव्विसाव्या वर्षी तिची नजर कमी व्हायला लागली आणि तीन वर्षांत पार गेली. आता ती चौतिशीत आहे. तिचा कॉम्प्युटर बोलतो. पडद्यावर जे असेल ते मोठ्याने वाचून दाखवणारी एक सोय त्यात बसवलेली आहे. ती हे वाचन इतक्या वेगाने ऐकते, की आम्हाला बाहेरच्या खोलीत नुसती किरकिर ऐकू येते आणि तिला त्यातला अनुस्वारसुद्धा कळतो. म्हणजे आवाज असला तर तिचं सगळं काही आहे. आवाज गेला, तर तिच्यासमोर लोखंडी डबा आणि काच, बस.

याच कानांवर तिला काम मिळत होतं. पुण्याची एक संस्था दृष्टिहीन मुलांसाठी शाळेची पुस्तकं ब्रेलमध्ये छापते. छपाईआधी टाइप केलेला मजकूर कोणाला तरी नीट ऐकून चुका काढाव्या लागतात. पहिला धडा सोमवारी सकाळी दहाला ईमेलने येणार होता आणि संध्याकाळी सहाच्या आत दुरुस्त करून परत पाठवायचा होता. जमला तर काम तिचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाचं, असं त्यांनी गोड शब्दांत पण स्पष्ट कळवलं होतं. आठ वर्षांत बाहेरच्या कोणी तिला काम देऊ केलं, ते हे पहिलंच.

आणि शुक्रवारी हार्ड डिस्क गेली.

मी तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत स्टोअरमध्ये आहे. पिंपांवरची लेबलं वाचून माल आत घ्यायचा आणि बाहेर काढायचा, हेच माझं काम. त्यामुळे कुठलीही वस्तू असो, लेबल वाचलं की ती आपल्याला कळली, असा माझा समज. शनिवारी मी नवी डिस्क आणली, विंडोज टाकलं, वाचून दाखवणारी सोय बसवली. आवाज आला. पण घसा बसलेल्या माणसासारखा आला, मध्येच तुटणारा.

"दादा, जोडाक्षरं फुटतायत," प्रियदर्शिनी म्हणाली. "'प्र' म्हणतोय का 'त्र' म्हणतोय तेच कळत नाही. मी चुका काढणार कशाच्या?"

"ड्रायव्हर नसतील बरोबर. टाकतो," मी म्हणालो.

ड्रायव्हर म्हणजे विंडोजच्या हुकमाने यंत्राचा एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्राम. कुठले टाकायचे हे मदरबोर्डच्या, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाच्या, नंबरावरून ठरतं, एवढं मला माहीत होतं. मी डब्याची बाजूची पत्र्याची पट्टी काढली आणि आत पाहिलं, तर बोर्डावर बरोबर नंबराच्या जागी लाल टिळा. आमची आई, गोजराबाई, परभणीकडची. आमच्याकडे दसऱ्याला अवजारांची पूजा होते. आई कॉम्प्युटरलाही अवजारच धरते, आणि तिचं म्हणणं बरोबर आहे. पण ऑक्टोबरात तिने पूजेच्या वेळी मला पट्टी काढायला लावली होती. "देवाला काय दाराबाहीरनं कुंकू लावतेत व्हय?" असं तिचं म्हणणं. मग मशीन बंद आहे ना, असं दोनदा विचारून तिने ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा आत लावला होता, जिथे तिला मोकळी जागा दिसली तिथे.

तर नंबर असा दिसत होता: इंग्रजी एच, मग कुंकू, मग एक. कुंकवाखालून वळणदार काहीतरी डोकावत होतं. मला ते आठ वाटलं. एच-एक्क्याऐंशी. खरवडून पाहायला दोन मिनिटं लागली असती. पण मला घाई होती, आणि खरं सांगायचं तर देवाचं कुंकू नखाने खरवडायला हात धजला नाही. मी एच-एक्क्याऐंशीच्या पानावर जे जे होतं ते सगळं उतरवून घेतलं, चौदा नग, आणि एकामागून एक टाकत सुटलो. एक-दोनदा विंडोजने विचारलं, हे या यंत्रासाठी दिसत नाही, तरीही टाकायचं का? मी म्हणालो, टाक.

त्यानंतर आवाज बंद झाला. तुटका नाही, पूर्णच बंद. इंटरनेटही गेलं. माझ्या पेनड्राइव्हमध्ये त्याच पानावरचं बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचं, अपडेट होतं, आता हेच उरलंय म्हणून मी ते खोचायला निघालो, तेव्हा प्रियदर्शिनीने अंदाजाने माझं मनगट पकडलं.

"आता थांब," ती म्हणाली. "आज तू यापुढे काहीच करायचं नाही." एरवी ती मला असं बोलत नाही.

रविवारी सकाळी दोन दुकानं बंद निघाली. तिसऱ्याने गुरुवारी या म्हणून सांगितलं. मग मी त्या पिवळ्या पाटीच्या दुकानात गेलो.

आत साठीचा एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस चष्मा कपाळावर चढवून बसला होता. मी दारातूनच बोलायला सुरुवात केली. त्याने हात वर केला.

"त्वांड माज्याकडं करून बोला. आनि सावकाश. माजे कान इंजिनात गेले."

हे नामदेव मेहेर, सातपाटीचे. बावीस वर्षं मासेमारीच्या बोटींवर इंजिन सांभाळत होते. बोटीवर सुकाणूपाशी उभा राहून हुकूम देतो तो तांडेल, आणि खाली इंजिनापाशी बसतो तो ड्रायव्हर, त्यांच्या भाषेत डायवर. अख्खं सातपाटी त्यांना अजूनही नामदेव डायवर म्हणतं. इंजिनाच्या त्या खोपटीत रोजचे दहा-दहा तास काढून उजवा कान पार गेला आणि डावा निम्मा उरला. इंजिनाचं दुखणं कानाने कळतं, तेव्हा कानांबरोबर कामही गेलं. पुतण्या निमेश याने हे दुकान काढलं होतं, तिथे ते नुसते बसायला यायचे. बसल्या बसल्या त्यांच्या लक्षात आलं की या यंत्राला काही दुखलं खुपलं तर ते पडद्यावर लिहून सांगतं. निमेश वापीला नोकरीला गेला, दुकान काकांकडे आलं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की माझ्या बहिणीच्या कॉम्प्युटरचा आवाज गेलाय आणि तो दुरुस्त करायला मला भेटला कोण, तर एक बहिरा माणूस. राग गिळून मी सावकाश, त्यांच्याकडे तोंड करून, सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं, म्हणजे पाहून घेतलं. मग हात पुढे केला. "तो पेनड्राइव द्या."

मी दिला. त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला. "बायोस म्हंजे बोटीचा कना. आवाज तुटतोय म्हनून कोन कना बदलतो? दुसऱ्या बोर्डाचा घातला असता तर मशीन उठलंच नसतं. हा जाताना घेऊन जा, पुसून देतो." नंतर विचारलं, "मशीन कुनाचं हाय?"

"बहिणीचं. तिला दिसत नाही. मी आहे ना, मी सांगतो तुम्हाला सगळं."

"तुमी वापरता?"

"नाही, पण..."

"मंग तिला घेऊन या. तुमाला त्यातलं काय कलनार?"

रिक्षात प्रियदर्शिनीने डबा मांडीवर घेतला होता. मी दोनदा म्हणालो दे इकडे, तिने दिला नाही.

नामदेवकाकांनी पट्टी काढली आणि आत पाहून हसले. मला वाटलं, आता आईचा उद्धार होणार. पण ते म्हणाले, "आमी पन लावतो. नारली पुनवेला इंजिनाला. फकस्त नंबरची पट्टी सोडून लावतो. साहेब तपासाला आला आनि नंबर दिसला नाय तर बोट बंदरातच." त्यांनी मऊ ब्रश स्पिरिटमध्ये बुडवला, टिळा हळूहळू निवळत गेला, आणि खालून आकडा वर आला. सहा. एच-एकसष्ट.

आणि मी लेबलं वाचायचा पगार घेतो.

मग त्यांनी बॅटरीने बोर्डाचा कोपरा पाहिला आणि तिथला आणखी एक बारीक आकडा कागदावर उतरवला. एकाच नावाच्या सातपाटीत दहा बोटी असतात, म्हणाले, नाव सारखं, इंजिन वेगळं, म्हणून पुढचा नंबरही पाहावा लागतो. तसं या बोर्डाचं हे दुसरं रूप होतं. मशीन चालू केलं, तेव्हा ते पहिल्यांदा मी घातलेलं सगळं एकेक करून काढत बसले. अर्धा-पाऊण तास गेला. मी चार वेळा घड्याळ पाहिलं. प्रियदर्शिनी स्टुलावर शांत बसली होती.

मी घातलेला आवाजाचा ड्रायव्हर निघाला तसं विंडोजने स्वतःजवळचा कामचलाऊ ड्रायव्हर लावला. काकांनी टेबलावरचा जुना स्पीकर जवळ ओढला. त्याची पुढची जाळी काढून टाकलेली होती. त्यातल्या काळ्या पडद्यावर त्यांनी दोन बोटं अलगद ठेवली आणि चाचणीचा आवाज सोडला. बोटं थरथरली.

"आला," ते म्हणाले. "बगा, बोलतोय."

स्पीकरमधून कालचाच बसका, तुटका आवाज येत होता. प्रियदर्शिनीने कान पुढे केला, आणि मशीनकडे वळूनच बोलली, "आलाय, पण तसाच आहे. अजून फुटतोय."

काका तिच्याकडे पाहत राहिले. तिचं तोंड त्यांच्याकडे नव्हतं. तिला ते दिसत नव्हते, त्यांना ती ऐकू येत नव्हती. साहजिकच मी मध्ये पडलो. "ती म्हणतेय फुटतोय." "कसा फुटतोय?" मी तिला विचारलं, "कसा फुटतोय?" ती म्हणाली, "'स'च्या वेळी खरखर जास्त, आणि मध्ये मध्ये गाळतोय." मी त्यांना सांगितलं, "खरखर आहे." ती म्हणाली, "दादा, तू अर्धंच सांगितलंस." हे असं बराच वेळ चाललं. माझा आवाज चढत गेला, कारण काकांना ऐकू यावं म्हणून मी ओरडत होतो आणि मग सवयीने तिच्यावरही ओरडत होतो.

तेवढ्यात दारात एक बाई आल्या. डोक्यावर रिकामी टोपली, हातात डबा. या हंसाकाकू, नामदेवकाकांच्या पत्नी. दोघं सकाळी सातपाटीहून स्कूटरवर बरोबर येतात, त्या बाजारात मासे विकायला बसतात आणि माल संपला की दुकानात येतात. त्यांनी ना हाक मारली ना खांद्याला हात लावला. टेबलाच्या फळीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं. फळीवर काकांचा तळहात टेकलेला होता. त्यांनी लगेच मान वर केली.

"थांबा, जेवून घ्या," काकू म्हणाल्या.

प्रियदर्शिनीने ती टकटक ऐकली होती. "काकू, तुम्ही दोनदाच का वाजवलं?"

हंसाकाकू हसल्या. "दोन म्हंजे थांब. बोटीवरचं हाय ते. घरात आमचा असाच कारभार, बाय. नायतर दिवसभर वरडून माजा घसा जायचा."

मग जेवता जेवता काकांनी प्रियदर्शिनीला सांगितलं, तिच्याजवळ स्टूल ओढून. मला नाही सांगितलं, मी तिथे असल्याने ऐकलं. बोटीवर तांडेल वर असतो. त्याला समुद्र कळतो, इंजिन कळत नाही. डायवर खाली असतो. त्याला इंजिन कळतं, समुद्र दिसत नाही. आणि इंजिनाच्या धडधडीत वरची हाक खाली पोचत नाही. म्हणून मध्ये एक घंटा. त्यांच्या बोटीवर एक टोला म्हणजे चल, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे मागे घे. आणि चार म्हणजे पोचलो, आता इंजिन बंद.

"एकदा एक दिवस मी दुसऱ्याच्या बोटीवर गेलो," काका म्हणाले. "त्यांचा डायवर आजारी होता. बंदरात शिरताना तांडेलानं दोन टोले दिले. मी थांबवलं. पन त्या बोटीवर दोन म्हंजे मागं घे. बोट गेली ना सरल धक्क्यावर! फली फुटली. तांडेल मला शिव्या घालतोय, आनि मला ऐकू येतोय कुटं? मी काय वाईट डायवर नव्हतो, पोरी. मी त्या बोटीचा नव्हतो."

ते माझ्याकडे वळले. "तुमी काल चौदा डायवर चढवलेत. दुसऱ्या बोटीचे."

मला त्यांचा राग आला नाही. का, ते माहीत नाही. आला असता तर नवल नव्हतं.

"विंडोज म्हणजे तांडेल," प्रियदर्शिनी म्हणाली. या वेळी तिने तोंड त्यांच्या आवाजाच्या दिशेला ठेवलं होतं.

"बराबर."

"मग आपणही तसंच करू. तुम्ही हात फळीवर ठेवा. मी ऐकते आणि वाजवते."

जेवणाचा डबा मिटला आणि काम पुन्हा सुरू झालं. काकांनी आपल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर एच-एकसष्टच्या त्या दुसऱ्या रूपाचं पान उघडलं. त्यावरही चौदाच्या आसपास नावं होती. मग या मशीनवर यंत्राच्या भागांची यादी उघडून ते एकेक ओळ पाहू लागले. जिथे पिवळी खूण, तिथे विंडोजला तो भाग ओळखता आलेला नाही. त्या ओळीत शिरून त्यांनी आकड्या-अक्षरांची एक लांबलचक माळ काढून दाखवली. प्रत्येक चिपवर बनवणाऱ्याचा आणि चिपचा नंबर असतो, म्हणाले. आठ-शून्य-आठ-सहा दिसलं की इंटेल. दहा-ई-सी दिसलं की रिअलटेक. पेटीवरचं नाव चुकेल, कुंकू चुकेल, हा नंबर चुकत नाही. आदल्या दिवशी हा नंबर पाहण्याचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

चौदातले त्यांनी चार निवडले. बोर्डावरच्या मुख्य चिपांचा म्हणजे चिपसेटचा, आवाजाचा, नेटवर्कचा आणि चित्राचा. बाकीचे का नको, हे मी विचारल्यावर त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. दोन तर अशा भागांचे होते जे या बोर्डावर नव्हतेच. दोन-तीन डिस्क एकत्र जोडायचा एक होता, इथे डिस्क एकच. तीन-चार नुसत्या शोभेच्या खिडक्या, पंख्याचा वेग दाखव, रंग दाखव. आणि उरलेल्यांचं काम विंडोजचे स्वतःचे ड्रायव्हर बिनतक्रार करत होते. "जो खलाशी गुमान काम करतोय त्याला उठवायचा नाय," ते म्हणाले.

"आणि आधी कुठला?" प्रियदर्शिनीने विचारलं.

"चिपसेट. त्याच्यावर बाकीची बसतात. काल आवाज फुटत होता तो त्याच्यापायीच असेल, असं मला वाटतंय. बगू."

चिपसेटचा टाकला. मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं. काकांचा उजवा हात कीबोर्डवर, डावा तळहात फळीवर. प्रियदर्शिनी डोळे मिटून स्पीकरकडे कान करून बसली होती. तिने वाचायला लावलेला एक परिच्छेद सुरू झाला. खरखर कमी झाली होती, हे मलाही कळलं. मी "छान!" म्हणणार होतो. तिने पेराने एक टोला दिला. चल.

आवाजाचा टाकला. पुन्हा चालू. परिच्छेद स्वच्छ ऐकू आला. मी खुर्चीवरून उठलोच. झालं, असं मला वाटलं. तिने दोन टोले दिले. थांब. काकांचा हात थांबला. ती पुढे वाकली, तेवढीच दोन वाक्यं पुन्हा ऐकली, वेग वाढवला, पुन्हा ऐकली, आणि तीन टोले दिले. मागे.

"अहो, बरं येतंय की आता!" मी म्हणालो. कोणाचंच लक्ष नव्हतं.

काकांनी पुढचा ड्रायव्हर राहू दिला आणि परत आवाजाच्या खिडकीत शिरले. तिथे 'आवाज सुधारा' अशा अर्थाच्या तीन-चार खुणा आपोआप लागलेल्या होत्या, हॉलमध्ये गाणं वाजल्यासारखा घुमारा देणाऱ्या. गाण्याला बरं वाटत असेल. वेगाने बोलणाऱ्या आवाजातली व्यंजनं त्यात एकमेकांवर चढत होती. सामान्य कानाला हे कळण्यासारखं नव्हतं, आणि काकांच्या बोटांना तर नाहीच. त्यांनी सगळ्या खुणा काढल्या. तिने एक टोला दिला. पुन्हा परिच्छेद. आणखी वेग. एक टोला. आणखी वेग. आता माझ्या कानाला नुसती किरकिर, नेहमीची, घरातली. शुक्रवारनंतर ती पहिल्यांदाच ऐकू आली आणि मला एकदम रडूच आलं. कोणी पाहत नव्हतं म्हणून मी डोळे पुसले.

दुपारचे अडीच वाजले असतील. मी भिंतीला टेकून उभा होतो. आठ वर्षं मी तिच्या वतीने बोलत आलो होतो. बँकेत, दवाखान्यात, पाहुण्यांपुढे, "ती म्हणतेय," "तिला हवंय." तिला काय हवंय ते मी अर्धंच सांगत होतो, हे तिने सकाळी म्हटलं तेव्हा मला झोंबलं होतं. आता ते दोघं माझ्याशिवाय शब्द न काढता काम करत होते आणि मला नुसतं उभं राहायचं होतं. जड गेलं, पण खोटं कशाला सांगू, त्याहून जास्त आनंद झाला.

नेटवर्कचा आणि चित्राचा ड्रायव्हर बसला. पिवळी खूण कुठे उरली नाही. शेवटी तिने स्वतःच्या मेलमधलं संस्थेचं पत्र उघडलं, नेहमीच्या वेगाने, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. तिचा हात फळीवर आला.

एक, दोन, तीन, चार.

नामदेवकाकांनी कीबोर्डवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. बावीस वर्षांच्या सवयीने असेल. नंतर त्यांनी स्पीकरवर दोन बोटं ठेवली आणि विचारलं, "काय बोलतोय तो?"

तिने तोंड त्यांच्याकडे करून, सावकाश सांगितलं, "सोमवारी सकाळी दहा वाजता पहिला धडा पाठवतो आहोत."

"पाठवू दे," काका म्हणाले.

निघताना त्यांनी डब्याच्या पट्टीच्या आतल्या बाजूला पिवळ्या ऑइलपेंटने बोर्डाचा पूर्ण नंबर लिहिला, बोटीवर लिहितात तसा ठळक, आणि त्याच्या शेजारी एक रिकामा गोल काढला. "आईला सांगा, टिला इथं लावायचा. देवाला चालतोय." घरी आईला सांगितलं, तेव्हा तिने तो गोल हाताने चाचपून पाहिला आणि म्हणाली, "मानूस जानता हाय."

सोमवारी मी रजा टाकली होती. काही लागलं तर असावं, म्हणून. दहाला पाच कमी असताना मी तिच्या दाराशी गेलो, नुसता चपलेचा आवाज झाला असेल, आतून टेबलावर दोन टोले ऐकू आले. मी तिथेच थांबलो, मग बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. दिवसभर किरकिर चालू होती. दुपारी जेवायला ती बाहेर आली, कामाबद्दल काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. मला ते किती जमलं ते आईला विचारा. मी तीन वेळा दाराशी जाऊन परत आलो म्हणते.

सहाला वीस मिनिटं कमी होती. आई चहा गाळत होती. आतली किरकिर थांबली, आणि टेबलावर टोले पडले. आई गाळणं हातात धरून मोजत होती. तिला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलेलं होतं.

"चार झाले का रे?" तिने विचारलं.

"चार झाले."

आईने तिसरा कप काढला. मी जागचा उठलो नाही. थोड्या वेळाने दार उघडून प्रियदर्शिनी स्वतःच बाहेर आली.